मदत हवी आहे: काळा दगड पेनाने काढायचा कसा?

पंचगंगा घाटावरच्या देवळांचं पेन-इंक चित्र करतोय. ए४, २०० जीएसएमचा गुळगुळीत कागद, ०.१, ०.३ आणि ०.५ चे वॉटरप्रूफ पेन. शाई फुटत नाही, प्रश्न तिचा नाही.

अडचण दगडाची आहे. बेसाल्ट मुळात काळा, त्यामुळे उन्हातली बाजूही गडदच दिसते. क्रॉस-हॅचिंगचे (एकमेकींना छेदणाऱ्या रेघांचे) तीन थर दिले की सावली आणि ऊन एकच होतं, देऊळ म्हणजे नुसता काळा ठोकळा. उन्हाची बाजू कोरी सोडून बघितली, तर देवळाला चुना फासल्यासारखं वाटलं! ठिपके देऊन पाहिले. पोत बरा आला, पण तळहाताएवढ्या भागाला दोन संध्याकाळी गेल्या. आधी पेन्सिलने छटा ठरवून घेतल्या होत्या, पेनात उतरवताना सगळं बिघडतं.

वॉश (पाण्याने पातळ केलेल्या शाईचा हात), करडी शाई किंवा पांढरं जेल पेन नकोय. फक्त रेघ आणि कोरा कागद, मजाच त्यात आहे. ज्या फोटोवरून काढतोय तो सकाळी नऊचा आहे, ऊन डावीकडून.

तर उन्हातल्या काळ्या दगडाला एकाच दिशेच्या विरळ रेघा पुरतात का? की मागचं आकाश आणि पाणी पूर्ण कोरं ठेवून दगड गडदच राहू द्यायचा?