मदत हवी आहे : शोकाकुल शेजाऱ्यांना नाताळपूर्व उपासनेला कसे बोलवावे?

आमच्या लहानशा प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) मंडळीत उपासनेला जेमतेम ३५ जण असतात. आगमनकाळात, म्हणजे नाताळपूर्वीच्या ४ रविवारांच्या काळात, २१ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे उत्तर गोलार्धातल्या सर्वांत मोठ्या रात्री, वर्षभरात जवळचे माणूस गमावलेल्या शेजाऱ्यांसाठी आम्ही शांत उपासना ठेवतो. गेल्या वर्षी घरोघरी पत्रके टाकूनही बाहेरची एकच बाई आली; पहिली मेणबत्ती पेटेपर्यंत ती दारातच उभी होती आणि नंतर निघून गेली, याची मला अजून रुखरुख आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाची, म्हणजे सेशनची, संमती आहे. वर्गणी किंवा सभासदत्वाचा विषय निघणार नाही. मात्र बहुतेक सभासद वृद्ध असल्याने अंधारात घरोघरी फिरणे शक्य नाही. धर्मप्रसाराचा संशय न येता अशा घरांना व्यक्तिगत निमंत्रण नेमके कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत द्यावे?