'लिसनिंग स्टेशन'ला टेहळणी केंद्र म्हणावं का?

प्रश्न (सोलापूर): भाची इंग्लंडात आहे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यानं बूडहून मॉर्वेन्स्टोकडे चालत जाताना कड्यावर एकाएकी कुंपण लागलं आणि आत भल्यामोठ्या पांढऱ्या तबकड्या दिसल्या, असं तिनं घरी कळवलं. जीसीएचक्यू या ब्रिटिश सरकारच्या गुप्तवार्ता संस्थेचं ते 'लिसनिंग स्टेशन'. आईला सांगताना मी 'टेहळणी केंद्र' म्हणालो. बरोबर आहे का?

उत्तर: काका, टेहळणी नको. टेहळणी डोळ्यांनी होते, बुरुजावरून. या तबकड्या काही बघत नाहीत. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किमी उंचीवरच्या दळणवळण उपग्रहांकडून खाली येणारे संदेश त्या टिपतात. उपग्रहाचा झोत एकाच पत्त्यावर पडत नाही, शेकडो किलोमीटर पसरतो. त्या टापूत तबकडी उभारली की दुसऱ्याला धाडलेला संदेशही हाती लागतो. 'पाळत'ही बसत नाही. पाळत कुणावर तरी ठेवतात, माणूस आधी ठरलेला असतो. मी 'कानोसा केंद्र' म्हणेन.

दुसरं मत: 'संदेशग्रहण केंद्र' का नको? भारदस्त आहे, कागदोपत्री शोभेल.

उत्तर: शोभेल, पण त्यातून मुद्दाच निसटतो. सोलापूर आकाशवाणी लावून बसलेला रेडिओही संदेशग्रहणच करतो आणि ते बोलणं असतंच त्याच्यासाठी. इथं बोलणं तिसऱ्याच दोघांचं आहे. रात्री दार वाजलं की जुन्या वाड्यातली आजी कडीवर हात ठेवून, श्वास रोखून बाहेरच्यांची कुजबुज ऐकते आणि मगच कडी काढते. तो कानोसा. बाहेरच्यांना पत्ता नसतो आणि आजी त्या बोलण्यात नसते. हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत, म्हणून माझा आग्रह. 'हेरगिरी' म्हटलं तर आपण निवाडाच देऊन मोकळे होतो.

दुसरं मत: पटलं. मग केंटच्या किनाऱ्यावर, डेंजला, काँक्रीटची २०० फूट लांब वक्र भिंत आहे, तिला काय म्हणायचं? १९३०च्या सुमाराची. शत्रूच्या विमानांची घरघर ती समोरच्या मायक्रोफोनांकडे परतवायची. पुढं रडार आलं आणि तिचं काम संपलं.

उत्तर: तिथं कानोसाही नको. कुणाचं बोलणं ऐकायचं नव्हतं, कुणी येतंय एवढंच कळायला हवं होतं. त्याला आपल्याकडं 'चाहूल' म्हणतात. 'चाहूलभिंत' म्हणा.