डेपेश मोडवर श्रवणसत्र: कोणते अल्बम घ्यावेत, आणि पेटीवर 'एन्जॉय द सायलेन्स' जमेल का?

टिळकवाडी_श्रोता:

नमस्कार मंडळी. बेळगावात दिवाळीनंतर दीड तासाचं श्रवणसत्र करालोय, विषय डेपेश मोड हा इंग्लिश सिंथ-पॉप बँड. येणारे बहुतेक जण नाट्यसंगीत आणि भजनात मुरलेले, त्यामुळं नुसती गाणी लावून भागणार नाही. बँड १९८० पासून आजपर्यंत कसा बदलत गेला ते कानाला कळायला हवं. शेवटी पेटीवर त्यांचं 'एन्जॉय द सायलेन्स' हे गाणं वाजवायचं आहे. सामान एवढंच: एक पेटी, यामाहाचा पीएसआर कीबोर्ड, एक लॅपटॉप, एक कंडेन्सर माइक आणि हॉलचे दोन स्पीकर. सॉफ्टवेअर फुकटचं हवं. यादी सध्या 'पहिला अल्बम, मग थेट १९९० चा व्हायोलेटर' अशी आहे. मधलं गाळलं तर चालेल का? आणि नावाचा अर्थ 'घाईची फॅशन' असा पोस्टरवर टाकलाय, तो बरोबर आहे ना?

मोनोसिंथ:

पोस्टर आधी थांबवा. नाव एका फ्रेंच फॅशन मासिकावरून घेतलेलं आहे. 'डेपेश' म्हणजे खबर, वार्तापत्र. 'फॅशन वार्ता' म्हणा. घाई करणं या अर्थाचं फ्रेंच क्रियापद दिसायला तसंच आहे, म्हणून हा घोळ सगळीकडं होतो.

मधलं अजिबात गाळू नका, खरा बदल तिथंच आहे. हा बँड ऐकताना एकच प्रश्न धरून बसा: त्या वर्षी कोणाच्या हाताखाली कोणतं यंत्र होतं?

१९८०, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं बॅसिल्डन. विन्स क्लार्क, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि गायक डेव्ह गॅहन. तिघांकडं तीन स्वस्तातले सिंथ (विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड): क्लार्कचा कावाई, गोरचा यामाहा सीएस-५, फ्लेचरचा मूग प्रॉडिजी. तिन्ही मोनोफोनिक, म्हणजे एका वेळी एकच सूर. कॉर्ड दाबलीत तरी एकच सूर वाजणार. त्यामुळं १९८१ च्या 'स्पीक अँड स्पेल'मध्ये जाड कॉर्ड जवळपास नाहीत. एकेका सुराच्या ओळी एकमेकींच्या फटीत बसवलेल्या आहेत. तुमच्या श्रोत्यांना हे लगेच पटेल. भजनात टाळ, मृदंग, पेटी आपापली जागा धरून असतात आणि कोणी कोणाच्या अंगावर जात नाही, तशी ही रचना आहे. म्यूट रेकॉर्ड्स या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या डॅनियल मिलरनं आपला एआरपी २६०० सिंथ आणि सिक्वेन्सर (सूर ठरल्या क्रमानं आपोआप वाजवणारं यंत्र) आणला होता, ढोलासारखे आवाजही सिंथमधूनच काढले. अकरापैकी नऊ गाणी क्लार्कची.

त्याच वर्षाअखेरीस क्लार्क बाहेर पडला. पुढं त्यानं ॲलिसन मोयेबरोबर याझू आणि अँडी बेलबरोबर इरेजर काढलं. इकडं गाणी लिहायचं काम गोरकडं आलं. १९८२ च्या 'अ ब्रोकन फ्रेम'मध्ये ॲलन वाइल्डर आला आणि बँडचा कान बदलला.

पहिल्या अल्बमचा बेस लॅपटॉपवर करायचा असेल तर सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथ घ्या, फुकट आहे. एकच ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा भाग), लहरीचा आकार सॉ किंवा स्क्वेअर. प्ले मोड मोनो. लो-पास फिल्टर (आवाजातला वरचा भाग कापणारा) २४ डीबीचा, कटऑफ २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास. फिल्टर एन्व्हलपचा (फिल्टर किती वेळात उघडतो-मिटतो ते ठरवणारा भाग) ॲटॅक शून्य, डिके १५० ते २५० मिलिसेकंद, सस्टेन शून्य. व्हेलॉसिटीचा परिणाम बंद, कारण त्या कीबोर्डांना बोट जोरात पडलं की हळू हे कळतच नव्हतं. रिव्हर्ब (घुमारा) लावू नका. बहुतेक जण इथंच चुकतात: आवाज बारीक वाटला की रिव्हर्ब आणि कोरस वाढवतात, मग ओळींमधल्या फटी भरून जातात आणि गाणं लग्नातल्या कीबोर्डसारखं ऐकू येतं. स्नेअरसाठी व्हाइट नॉइज, डिके १२० ते १५० मिलिसेकंद, बस.

वडगावचा_धोटा:

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. 'अ ब्रोकन फ्रेम' तिघांनीच केला. वाइल्डर १९८२ मध्ये दौऱ्यांसाठी आला, रेकॉर्डवर तो १९८३ पासून ऐकू येतो.

१९८३ चा 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन' यादीत हवाच. तो लंडनच्या शोरडिच भागातल्या गार्डन स्टुडिओत झाला. आजूबाजूच्या पडीक जागांत जाऊन या लोकांनी पत्रे, पाइप, लोखंड बडवलं आणि टेपवर घेतलं. ते आवाज सिंक्लाव्हियर आणि इम्युलेटर या सॅम्पलर यंत्रांमध्ये भरून पट्ट्यांवर वाजवले. 'पाइपलाइन' हे गाणं अशा गोळा केलेल्या आवाजांवरच उभं आहे. मिक्सिंग बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत, इंजिनिअर गॅरेथ जोन्स. १९८४ चा 'सम ग्रेट रिवॉर्ड' हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल.

हे बेळगावात करून दाखवणं सोपं आहे. शहापूर, वडगाव, खासबागेत यंत्रमाग आहेत, उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. मालकाची परवानगी काढा आणि एकच माग चालू असेल अशी वेळ मागून घ्या. दहा माग एकदम चालू असताना नुसती गर्जना मिळते, त्यातून एक ठोका वेगळा निघत नाही. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर वेव्ह फाइल देणारं ॲप घ्या आणि ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करा. ऑटो गेन चालू राहिला की धोटा आपटतो तिथं आवाज दबतो आणि मधल्या फटीत मोटरची घरघर वर येते, म्हणजे हवं त्याच्या बरोबर उलटं. फोन मागापासून दीड-दोन मीटरवर धरा, मागाच्या लाकडाला किंवा लोखंडाला टेकवू नका. सर्वांत मोठा ठोका मीटरवर वजा १२ ते वजा ६ डीबीत राहू दे. कानात बोळे घाला.

घरी आल्यावर पूर्ण लूप गाण्यावर चिकटवायला जाऊ नका. मागाची लय विजेच्या दाबानुसार हलते, चार मात्रांत बसली तरी सोळाव्या मात्रेला सरकते. ऑडॅसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच 'खट' कापा, सुरुवातीची शांतता पूर्ण काढा (पाच मिलिसेकंद राहिली तरी ठोका मागं पडल्यासारखा वाटतो), शेवटी २० मिलिसेकंदांचा फेडआउट द्या. मग तो २७,७०० हर्ट्झला रीसॅम्पल करून ८ बिटमध्ये काढा. इम्युलेटर २ चा सॅम्पल रेट साधारण तेवढाच होता आणि बिटही ८. १३-१४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं जातं, थोडी खरखर येते, आणि त्या दशकाचा आवाज तोच. एक 'खट' मूळ सुराला ठेवा, दुसरा सात सेमिटोन (काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्या) खाली उतरवा: झाला तुमचा किक. पाइपचा टणत्कार हवा असेल तर पाइप हातात गच्च न धरता सुतळीनं टांगा आणि लाकडी मोगरीनं मारा. हातात धरलेला पाइप 'ठक्' करून मरतो.

काळी_दोन:

पेटीबद्दल. गाण्याची निवड फार चांगली केलीत, आणि कारण श्रोत्यांना जरूर सांगा: गोरनं या गाण्याचा पहिला नमुना संथ चालीत, हार्मोनियम आणि आवाज एवढ्यावरच केला होता. वेग वाढवून त्याखाली ठोका घालायची कल्पना वाइल्डरची, गोरला ती आधी रुचली नव्हती. हार्मोनियमवरची आवृत्ती सिंगलबरोबर अधिकृतपणे निघालेलीही आहे. तेव्हा पेटीवर वाजवणं म्हणजे गाणं मूळ घरी नेणं आहे, आणि कार्यक्रमाचा कळस तिथंच करा. आधी पेटीवर संथ, मग मिनिटाला ११३ ठोक्यांच्या आसपासच्या वेगात लॅपटॉपवरचा ठोका.

सा पांढरी एकचा धरा. पहिली कॉर्ड सी मायनर: पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच. खर्ज आणि नर दोन्ही सूर उघडे ठेवलेत तर तीन बोटांचे सहा सूर वाजतात आणि कॉर्ड गढूळ होते. कॉर्डसाठी फक्त नर उघडा, कपलर आणि कंप बंद. भाता सलग आणि हलका. जोरात मारलात तर पट्टीचा सूर किंचित उतरतो. कॉर्ड बदलताना तिन्ही बोटं एकदम उचलू नका, पुढच्या कॉर्डमध्ये सामाईक असलेला सूर दाबलेलाच ठेवा.

खरी अडचण सुराची येईल. पेटी कार्यक्रमापुरती लावता येत नाही, म्हणून बाकी सगळं पेटीला लावायचं. ट्यूनर ॲप उघडा, पांढरी सहा हलक्या भात्यावर पाच सेकंद धरा, आकडा लिहा. मग पांढरी एक आणि पाच तपासा. पांढरी सहा नेहमीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४४३ दाखवत असेल तर पेटी साधारण १२ सेंट (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) चढी आहे. पीएसआरच्या फंक्शनमध्ये ट्यूनिंग ४४३ करा, सर्जमध्ये तेवढंच चढवा. पांढरी सहा आणि पांढरी एकमध्ये पाच सेंटहून जास्त फरक निघाला तर कॉर्डच्या सुरांना सर्वांत जवळ येईल असा मधला आकडा घ्या. कीबोर्डवर तीच कॉर्ड पेटीबरोबर वाजवू नका, एकेक सूर वाजवा. बारीक फरक ओळीत खपतो, कॉर्डमध्ये डोलायला लागतो.

माइक पट्ट्यांच्या वर २०-२५ सेंटिमीटर, भात्याच्या उलट बाजूनं.

मोनोसिंथ:

वाइल्डरबद्दलची दुरुस्ती मान्य. उरलेली यादी देतो.

१९८६ 'ब्लॅक सेलिब्रेशन'. १९८७ 'म्युझिक फॉर द मासेस', त्याचा दौरा १८ जून १९८८ ला पॅसाडीनाच्या रोझ बोल मैदानात संपला. १९९० 'व्हायोलेटर', निर्माता फ्लड, काम मिलान आणि डेन्मार्कमध्ये. इथं एकेका सुराच्या ओळींची जुनी शिस्त आणि सॅम्पलिंग दोन्ही एकत्र येतात, गिटारही येते. १९९३ च्या 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन'मध्ये वाइल्डर खरे ड्रम वाजवतो. तो अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडं पहिल्या क्रमांकावर आला. १९९५ मध्ये वाइल्डर गेला आणि मांडणीतली ती दाट विणही बरीचशी गेली. 'अल्ट्रा' (१९९७) चांगला आहे, पण दोन अल्बम लागोपाठ लावले की उणीव ऐकू येते. २००५ पासून गॅहनचीही गाणी अल्बमवर येऊ लागली. फ्लेचर २६ मे २०२२ ला गेला. २०२३ चा 'मेमेंटो मोरी' गोर आणि गॅहन या दोघांनी काढला, तो हळू आवाजात, बोलणं बंद ठेवून ऐकवा.

टिळकवाडी_श्रोता:

सगळ्यांचे मनापासून आभार. पोस्टर बदललं. पेटी ४४२ निघाली. एकच राहिलं: लॅपटॉप हॉलच्या मिक्सरला जोडला की 'घूं' असा आवाज येतो, माइकला येत नाही.

वडगावचा_धोटा:

चार्जर काढून बघा की. 'घूं' थांबली तर ग्राउंड लूप आहे: लॅपटॉपची आणि मिक्सरची अर्थिंग दोन वेगवेगळ्या वाटांनी जमिनीत जाते आणि केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झ फिरतात. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर मध्ये डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची छोटी डबी) घालून ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, मंडपवाल्या साउंडवाल्यांकडं भाड्यानं मिळतो. प्लगची अर्थची पिन मोडून 'घूं' घालवायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, पेटीवाल्याच्या हाताशी लोखंडी जाळीचा माइक असतो. लॅपटॉप आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा, म्हणजे शेवटचं गाणं बॅटरीवर निघेल आणि मधेच वीज गेली तरी प्रोजेक्ट बंद पडणार नाही.