लिनक्स डेस्कटॉपवर फोल्डरचा शॉर्टकट: आपापले अनुभव लिहा

नमस्कार. लिनक्स वापरणाऱ्यांनी रोजच्या कामातल्या एका साध्या गरजेविषयीचे आपले अनुभव इथे लिहावेत, अशी विनंती आहे. चार-पाच पातळ्या आत असलेला एखादा फोल्डर डेस्कटॉपवरून थेट उघडता यावा, एवढीच ती गरज. विंडोजवरून आलेल्या माणसाला राइट क्लिक केल्यावर शॉर्टकटचा पर्याय समोर दिसण्याची सवय असते. लिनक्सवर हेच काम निदान तीन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा सिम्बॉलिक लिंकची (मूळ फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या छोट्या खुणेची), जी १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीपासून युनिक्सच्या घराण्यात चालत आली आहे. दुसरी फाइल मॅनेजरच्या (फाइल-फोल्डर दाखवणाऱ्या अॅपच्या) कडेच्या पट्टीतल्या बुकमार्कची, आणि तिसरी 'डॉट डेस्कटॉप' नावाच्या लहानशा मजकूर-फाइलची. तिन्हींचे गुण वेगळे आहेत आणि त्या मोडतातही वेगवेगळ्या कारणांनी, पण आपल्या हातून यांपैकी नेमके काय तयार झाले हे पडदा स्पष्टपणे सांगत नाही. माझ्या मते बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे.

लिहिताना कोणते वितरण (उबुंटू, फेडोरा यांसारखी लिनक्सची आवृत्ती), कोणते डेस्कटॉप (ग्नोम, केडीई, एक्सएफसीई यांसारखी पडद्यावरची मांडणी सांभाळणारी प्रणाली), काय करायचे होते आणि अखेर काय उपयोगी पडले, एवढे जरूर नमूद करावे.

निवृत्त शिक्षिका, सातारा (उबुंटू)

आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब मी पाहते. हिशेबाचा फोल्डर डेस्कटॉपवर दिसावा म्हणून मी तो 'फाइल्स' या फाइल मॅनेजरच्या खिडकीतून ओढून डेस्कटॉपवर सोडला. तो तिथे दिसू लागला, त्यामुळे शॉर्टकट झाला असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी लिब्रे ऑफिसने 'अलीकडील फाइल्स'च्या यादीतली वही उघडायला नकार दिला आणि मूळ जागी पाहिले तर फोल्डरच नव्हता. भाच्याने फोनवर उलगडा केला. फोल्डर त्याच डिस्कवर असेल तर ओढल्यावर तो हलतो, वेगळ्या डिस्कवरचा असेल तर त्याची नक्कल होते, आणि लिंक हवी असेल तर ओढताना कंट्रोल व शिफ्ट या दोन कळा एकत्र दाबून धरायच्या असतात. एकाच कृतीचे हे तीन परिणाम आहेत आणि त्यांतला कोणता होणार याची स्पष्ट सूचना आधी मिळत नाही.

माझ्या उजव्या हाताला कंप आहे. डाव्या हाताने दोन कळा दाबून उजव्या हाताने माउसचे बटण न सोडता फोल्डर पडदाभर ओढत नेणे माझ्याच्याने होत नाही. वाटेत बटण सुटते आणि फोल्डर भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. मग भाच्याने दुसरा मार्ग दाखवला. फाइल्सच्या प्राधान्यांमध्ये राइट क्लिकच्या मेनूतले काही ऐच्छिक पर्याय आहेत, त्यांत 'लिंक तयार करा' हा एक आहे आणि तो मुळात बंद असतो. तो सुरू केल्यावर राइट क्लिकने लिंक तयार होते, मात्र ती मूळ फोल्डरच्या शेजारीच होते. तिथून ती कापून डेस्कटॉपवर चिकटवावी लागते आणि तिच्या नावाआधी आपोआप लागलेले इंग्रजी शब्द खोडावे लागतात. हे मला सावकाशीने जमते. ज्या पर्यायाची गरज माझ्यासारख्यांना सर्वांत जास्त, तो आधीपासून सुरू का ठेवत नाहीत, हे मला खरोखरच समजत नाही.

संगणक अभियंता, पुणे (फेडोरा)

घरी उबुंटू आणि कार्यालयात फेडोरा अशी माझी व्यवस्था आहे. घरच्या सवयीने मी कार्यालयातही 'डेस्कटॉप' या फोल्डरमध्ये प्रकल्पाच्या फोल्डरची लिंक केली. लिंक बरोबर होती, टर्मिनलमध्ये दिसत होती, पण पडदा मात्र कोराच राहिला. याचे कारण इतिहासात आहे. दोन्हीकडे ग्नोम हेच डेस्कटॉप आहे. २०११ साली ग्नोम ३ आले तेव्हापासून डेस्कटॉपवरची चिन्हे मुळात बंद ठेवली गेली, आणि मार्च २०१८ मधल्या ३.२८ या आवृत्तीत ती दाखवणारा भागच फाइल मॅनेजरमधून काढून टाकला गेला. उबुंटू ती चिन्हे वेगळ्या एक्स्टेन्शनच्या आधाराने दाखवते, तर फेडोराची मुख्य आवृत्ती ग्नोम जसे आहे तसे देते. विकसकांची अडचण मला मान्य आहे, कारण तो भाग जुना होता आणि सांभाळायला जड झाला होता. पण 'डेस्कटॉप' नावाचा फोल्डर ठेवायचा आणि त्यात ठेवलेली वस्तू कुठेच दाखवायची नाही, ही विसंगती नव्या माणसाला विनाकारण गोंधळात टाकते.

आता मी नेहमीचे फोल्डर उघडून कंट्रोल-डी दाबतो, म्हणजे ते कडेच्या पट्टीत बुकमार्क म्हणून येतात. ग्नोमच्या डॅशमध्ये (अॅप्लिकेशनच्या चिन्हांच्या पट्टीत) फोल्डर डकवता येत नाही, तिथे फक्त अॅप्लिकेशनच बसते.

दिवाळी अंकाची मांडणी करणारी, नागपूर (उबुंटू)

माझा अनुभव शॉर्टकट तयार करण्याचा नसून तो दुसरीकडे नेण्याचा आहे. अंकाच्या फोल्डरमध्ये छायाचित्रांचा फोल्डर म्हणून मी एक लिंक ठेवली होती, कारण मूळ छायाचित्रे दुसऱ्या मोठ्या डिस्कवर होती. स्क्रायबस या पानांच्या मांडणीच्या अॅपमध्ये पाने नीट दिसत होती. मुद्रकाकडे देण्यासाठी सगळा फोल्डर एक्सफॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर घेताना मध्येच एक त्रुटीचा संदेश आला, आणि त्यातला 'वगळा' हा पर्याय निवडून बाकीची नक्कल पूर्ण झाली. मुद्रणालयात फाइल उघडली तेव्हा मजकूर जागेवर होता आणि चित्रांच्या चौकटी रिकाम्या होत्या. एक्सफॅट किंवा फॅट३२ वर सिम्बॉलिक लिंक साठवण्याची सोयच नसते. 'या फोल्डरमध्ये एक लिंक आहे, तिच्याऐवजी मूळ फाइल्स घ्यायच्या का?' असा प्रश्न त्या क्षणी विचारला गेला असता, तर छपाईच्या ऐन गर्दीतला एक दिवस वाचला असता.

आता मी स्क्रायबसमधली 'कलेक्ट फॉर आउटपुट' ही सोय वापरते. ती दस्तऐवज, चित्रे आणि हवे असल्यास फॉन्टही एका फोल्डरमध्ये खरोखर गोळा करून देते.

मोडी कागदपत्रांचा अभ्यासक, वाई (उबुंटू)

मोडी कागदांची छायाचित्रे मी 'दप्तर' असे नाव दिलेल्या बाहेरच्या डिस्कवर ठेवतो आणि त्यातल्या चालू कामाच्या फोल्डरची लिंक डेस्कटॉपवर असते. एके दिवशी वीज गेली, डिस्क रीतसर बाहेर न काढताच बंद पडली, आणि पुन्हा जोडल्यावर लिंकवर क्लिक केले तर 'ही लिंक तुटली आहे, कचरापेटीत टाकायची का?' अशा अर्थाचा प्रश्न आला. अनेक वर्षांच्या कामाचा तो फोल्डर! त्या प्रश्नापुढे माउसवरचा हात कितीतरी वेळ तसाच राहिला. कचरापेटीत जाणार ती फक्त लिंक, मूळ छायाचित्रांना धक्का लागणार नाही, हे एक वाक्य त्या चौकटीत असायलाच हवे.

कारण नंतर सापडले. बाहेरची डिस्क जोडली की उबुंटू ती 'मीडिया' या फोल्डरखाली, वापरकर्त्याच्या नावाने असलेल्या फोल्डरमध्ये, डिस्कच्या नावानेच बसवते. आधीच्या खेपेची त्याच नावाची रिकामी जागा शिल्लक राहिली असेल, तर नव्या जागेच्या नावापुढे १ हा आकडा लागतो. माझी डिस्क 'दप्तर१' म्हणून बसली होती आणि लिंक 'दप्तर'कडे बोट दाखवत होती. सिम्बॉलिक लिंकमध्ये केवळ मार्ग लिहिलेला असतो. कपाट हलवले तरी चिठ्ठीवर जुन्याच खोलीचा पत्ता राहावा, तसे ते आहे.

यावर पक्का उपाय आहे. 'डिस्क्स' या अॅपमध्ये त्या डिस्कच्या विभाजनाचे (पार्टिशनचे) माउंट म्हणजे जोडणीचे पर्याय उघडून कायमची जागा ठरवून द्यावी आणि ओळख नावाऐवजी यूयूआयडीने (विभाजनाच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाने) करावी. 'नोफेल' हा पर्याय तिथे राहू द्यावा, म्हणजे डिस्क जोडलेली नसली तरी संगणक सुरू होताना अडत नाही. त्यानंतर माझी लिंक तुटलेली नाही.

धागाकर्त्याची भर

वाईच्या अनुभवाशी जुळणारी एक गोष्ट नेटवर्कवरच्या फोल्डरांनाही लागू होते. ग्नोममध्ये सांबा शेअर (नेटवर्कवरून वाटून दिलेला फोल्डर) उघडला की तो पडद्यामागे 'रन' फोल्डरच्या पोटात एका लांबलचक नावाने बसतो. तिथली लिंक करता येते, पण शेअर जोडलेला नसताना ती निर्जीव असते. त्याचा बुकमार्क केला तर क्लिकसरशी शेअर आधी जोडला जातो आणि मग उघडतो. नेटवर्कसाठी बुकमार्कच वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

बँकेतील निवृत्त अधिकारी, ठाणे (उबुंटू)

मला सगळे मराठीतून हवे होते, म्हणून मी प्रणालीची भाषा बदलली. पुन्हा लॉगिन केल्यावर प्रमाणित फोल्डरांची नावेही नव्या भाषेत करायची का, असे विचारले गेले आणि मी आनंदाने होकार दिला. त्याबरोबर डेस्कटॉपवरचे माझे सगळे शॉर्टकट दिसेनासे झाले. ते नष्ट झाले नव्हते. जुना फोल्डर तसाच होता, फक्त आता नवा मराठी नावाचा फोल्डर डेस्कटॉप म्हणून दाखवला जात होता. आधीचा मजकूर हलवला जाणार नाही, असे त्या चौकटीत लिहिलेले असते हे खरे, पण त्यामुळे पडदा रिकामा होईल हे त्यावरून सामान्य माणसाला उमगत नाही. जुन्या फोल्डरमधल्या लिंका नव्या फोल्डरमध्ये हलवल्यावर सगळे पूर्ववत झाले. मराठी निवडणाऱ्याच्या वाट्याला हा जादा त्रास येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

ग्रंथालयातील कर्मचारी, रत्नागिरी (एक्सएफसीई, घरी केडीई)

वरचे अनुभव वाचून लिहावेसे वाटले, कारण आमच्याकडे हा प्रश्न फारसा येत नाही. वाचकांसाठीच्या जुन्या संगणकांवर एक्सएफसीई आहे. त्यातल्या थुनार या फाइल मॅनेजरमध्ये फोल्डरवर राइट क्लिक केले की 'पाठवा' या उपमेनूत डेस्कटॉपवर लिंक तयार करण्याचा पर्याय आधीपासूनच असतो. लिंक थेट डेस्कटॉपवर जाते, कापणे-चिकटवणे लागत नाही. घरच्या केडीईवर फोल्डर ओढून सोडला की हलवायचा, नक्कल करायची की लिंक करायची, असे तिथल्या तिथे विचारले जाते. साताऱ्याच्या बाईंना ओढण्याचाच त्रास असल्यामुळे त्यांनी थुनार वापरून पाहावा. तो उबुंटूवर फाइल्सच्या जोडीने बसवता येतो, आणि त्यासाठी अख्खे डेस्कटॉप बदलण्याची गरज नाही.