ब्लेंडरमधील २४ फ्रेमचे ॲनिमेशन २३.९७६ च्या सीनमध्ये नेताना की अपूर्णांकावर पडतात

प्रश्न:
नव्वद सेकंदांचे एक ॲनिमेशन मी ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सेकंदाला २४ फ्रेम धरून पूर्ण केले. अमेरिकेतील ग्राहकाची टाइमलाइन मात्र सेकंदाला २३.९७६ फ्रेमची आहे, हे उशिरा ध्यानात आले. एफबीएक्स फाइल (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात ॲनिमेशन नेण्याचा प्रकार) माया या दुसऱ्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमधील २३.९७६ च्या सीनमध्ये आणली असता १००० व्या फ्रेमवरची की (त्या क्षणीची स्थिती ठरवणारी खूण) ९९९.००१ वर आणि २१६० वी २१५७.८४ वर दिसते. पापणी केवळ १००० व्या फ्रेमपुरती मिटलेली होती. आता ती मिटतच नाही. सगळ्या की जवळच्या पूर्ण फ्रेमवर सरकवाव्यात काय?

उत्तर १:
तसे मुळीच करू नये. एफबीएक्समध्ये की फ्रेमच्या क्रमांकाने नव्हे, तर वेळेने साठवली जाते. त्यामुळे आपले सेकंद शाबूत राहिले आणि क्रमांक १००१ ला १००० या प्रमाणात आकसले. आता पूर्णांकावर ओढल्यास ५०० आणि ५०१ या दोन्ही की ५०० वरच येतील, पुढे १५०१ व १५०२ यांचीही तीच गत होईल, म्हणजे पापणी वाचवताना दुसरेच काही गमावाल.

ब्लेंडरच्या मूळ सीनमध्ये एफपीएस (सेकंदाला फ्रेम) २४ आणि बेस (एफपीएसला भागणारा आकडा) १.००१ ठेवून पुन्हा एक्स्पोर्ट करावे. ब्लेंडरमध्ये की क्रमांकाला बांधलेल्या असल्याने त्या हलणार नाहीत. खरा दर २४०००/१००१ आहे. त्याऐवजी २३.९८ हा ढोबळ दर धरल्यास तासाभरात सुमारे १४ फ्रेमचा फरक पडतो. (हे त्रांगडे १९५३ च्या अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीचे, आपल्याकडे प्रसारण २५ चे असल्याने ते बहुधा परदेशी कामातूनच वाट्याला येते.)

उत्तर २:
वरील उपाय योग्य आहे, पण अर्धाच. क्रमांक जपले की चित्र ०.१ टक्का संथ होते, आवाज मात्र सेकंदांनाच धरून राहतो, आणि नव्वदाव्या सेकंदाला ओठ दोन फ्रेम मागे पडतात. एका फ्रेमची तफावत साचायला साधारण ४१.७ सेकंद लागतात आणि इतका लांब शॉट क्वचितच असतो. म्हणून सलग फाइल न पाठवता शॉटनिहाय एक्स्पोर्ट करावे आणि प्रत्येक शॉट ध्वनिपटावरील त्याच्या जागी नव्याने बसवावा. जास्तीच्या दोन फ्रेम शॉटच्या शेवटी, जेथे पात्र स्थिर आहे, तेथे कापाव्यात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. एकूण नऊ शॉट आहेत. चौथ्या आणि आठव्याच्या शेवटी पात्र नुसते उभे असल्याने एकेक फ्रेम तेथे कापली. पापणी १००० वर पुन्हा मिटते आहे.

उत्तर १:
उत्तम. तपासणीसाठी चित्रमालिकेतून व्हिडिओ बनवणार असाल तर एक सांगतो: एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनाला दर न दिल्यास तो चित्रमालिका २५ ने वाचतो. २४०००/१००१ हा दर इनपुट फाइलच्या आधी लिहावा; नंतर लिहिल्यास वाचन २५ नेच होऊन काही फ्रेम गाळल्या जातात.