मदत हवी आहे: पॅरिलीनखाली पाणी शिरतंय, कुठून?

मंडळी, उंदरात बसवायच्या चिपचं काम नाशिकच्या अंबडला चालू आहे. सिलिकॉनमध्ये छोट्या कुप्या, तोंडावर सोन्याचा पातळ पडदा. काही कुप्यांत औषध, काहींत ग्लुकोज सेन्सर. पडदा उघडेपर्यंत सेन्सर शरीरापासून सुरक्षित राहतो, म्हणजे ऊती आधीच त्यावर थर चढवत नाहीत. पडदा सुमारे १ व्होल्टला विरघळतो. त्यासाठी भोवती क्लोराइड लागतं, साध्या पाण्यात ते होत नाही.

अडचण वायरिंगच्या आवरणाची. पॅरिलीन-सी (प्लास्टिकचा पातळ थर) १० मायक्रॉन, ७.४ पीएचच्या फॉस्फेट सलाइनमध्ये ३७ अंशांना, ५ व्होल्ट लावून. तिसऱ्या आठवड्यात गळती प्रवाह पिकोअँपवरून थेट मायक्रोअँपवर. सूक्ष्मदर्शकाखाली वायर बाँडच्या (चिपला तार जोडलेल्या जागेच्या) बुडाशी पांढरट फुगा दिसतो, बाकी थर एकदम स्वच्छ.

आवरण घट्ट चिकटावं म्हणून आधी ए-१७४ सिलेन हे रसायन लावलं होतं. पण सोन्यावर ऑक्साइड नसतो, मग सिलेन धरणार कशाला? संशय तिथेच आहे. वर टायटॅनियमचा पातळ थर देऊन मग सिलेन, हे कुणी केलंय का? त्याआधी प्लाझ्माने सफाई किती मिनिटं?

६७ अंशांना ठेवून चाचणी लवकर उरका, असं कृपया सुचवू नका. आवरणापुरतं ठीक, पण सेन्सरमधलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम त्या उष्णतेत मरतं.

आणखी एक: सातपूर, सिन्नर किंवा ओझरकडे हीलियम लीक टेस्ट (हीलियम वायूने गळती शोधायची चाचणी) करून देणारं कुणी आहे का? नग अगदी लहान, नखाएवढा. पुण्याला दरवेळी पाठवणं परवडत नाही.