मदत हवी आहे : एकाच विषयाला धरून राहावे, की सर्व विषय एकत्र चालू ठेवावेत?

गोदाकाठी (धागाकर्ता)

नमस्कार. गेली चार वर्षे मी नाशिकहून स्वतःच्या संकेतस्थळावर मराठीत लिहितो आहे आणि आजवर २१० लेख झाले आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लेख द्राक्षबागेविषयी आहेत : खरड छाटणी (उन्हाळ्यातली), गोडी छाटणी (फळासाठीची), फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे काढणे, विरळणी, डाऊनी आणि भुरी या रोगांचे नियंत्रण. उरलेल्या लेखांत पांडवलेण्यांतील शिलालेख, गोदाघाटावरील मंदिरे आणि जुन्या नाशकातील वाडे आहेत. काही लेख तर केवळ त्या दिवशी मनात आले म्हणून लिहिलेले आहेत.

गेल्या आठवड्यात एका सल्लागारांना मोबदला देऊन मी संकेतस्थळ तपासून घेतले. त्यांनी निकाल दिला, की द्राक्ष ठेवा आणि बाकीचे सर्व काढून टाका. होस्टिंगचे नूतनीकरण आठ दिवसांवर आले आहे, आणि दोन संकेतस्थळे करायची झाल्यास मला वेगळी योजना घ्यावी लागेल. म्हणून कृपया तत्त्वचर्चा न करता, एक विषय की अनेक, एवढेच सांगावे.

शब्दमोल

एवढ्या माहितीवर उत्तर देणे योग्य होणार नाही. आपल्याला जाहिरातींतून उत्पन्न हवे आहे, पुढे पुस्तक करायचे आहे, की वाचक वाढवायचे आहेत? वाचक शोधयंत्रातून येतात, की कोणीतरी दुवा पाठवतो म्हणून येतात? आणि द्राक्षाचा लेख वाचणारा माणूस शिलालेखाचा लेख उघडतो का? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते आपल्याजवळच्या आकड्यांत असणार.

सिडकोतील सुगरण

मी अनुभवावरून सांगते. सुरुवातीला माझ्या पानावर पाककृती होत्या; पुढे त्यात प्रवासवर्णने आली, मुलांच्या अभ्यासावरचे लेख आले, आणि वर्षभरात असे झाले की उपवासाच्या पदार्थांसाठी येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या, कारण उघडावे तेव्हा वर काहीतरी वेगळेच दिसे. मग मी केवळ उपवास आणि सणावारांचे पदार्थ एवढेच ठेवले. आता चातुर्मास जवळ आला की आठवणीने विचारणा होते. माझ्या मते एकच विषय घ्यावा, आणि तोही जितका लहान घेता येईल तितका लहान घ्यावा.

जुना वाचक

ताईंचा अनुभव खरा असेल, पण पाककृती शोधणारा वाचक आणि लेखकाच्या मागे जाणारा वाचक हे दोन वेगळे आहेत. आपण नाशिककर आहोत, म्हणून शिरवाडकरांचेच उदाहरण देतो. त्यांनी कविता, नाटक, कथा, कादंबरी असे सर्व लिहिले. एकाच प्रकाराला धरून राहा असे त्यांना कोणी सांगितले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते? गोदाकाठी, आपण एकही लेख काढू नये.

सिडकोतील सुगरण

काका, हे उदाहरण माझ्याच बाजूने जाते. त्यांनी कविता कुसुमाग्रज या नावाने लिहिल्या आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने. गडकऱ्यांनी कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम हे नाव घेतले होते. माणूस एकच असला तरी वाचकाला कोणत्या दारातून कुठे जायचे ते नावावरूनच कळत होते. मी लेख काढा असे म्हणत नाही, दारे वेगळी करा असे म्हणते.

जुना वाचक

कुसुमाग्रज आणि शिरवाडकर एकच आहेत हे सर्वांना ठाऊक होते, आणि एका नावाने मिळालेला वाचक दुसऱ्या नावाकडे आपसूक गेला. दोन संकेतस्थळे केली तर हे जाणे-येणे तुटेल, एवढेच माझे म्हणणे आहे.

चित्रफीत

लेखांपेक्षा चित्रफिती कराव्यात. यूट्यूबवर १००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४००० तासांचे प्रेक्षण पूर्ण झाले की जाहिरातींच्या उत्पन्नाचा मार्ग खुला होतो. शिवाय २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. आपल्याकडे गोदाघाटावरचे साहित्य तयार आहे, तेव्हा आतापासून कुंभमेळा हाच विषय धरावा.

शब्दमोल

चित्रफितींविषयी त्यांनी विचारलेलेच नाही. आणि शोध वाढणार आहे म्हणून विषय धरणे हा तर अगदी उलटा मार्ग आहे. आशयाविषयीच्या मार्गदर्शनात गूगलने लेखकाने स्वतःला विचारायचे काही प्रश्न दिले आहेत. संकेतस्थळाला एक मुख्य हेतू आहे का, हा त्यांतला एक. एखादा विषय तरी चालेल या आशेने आपण अनेक विषयांवर भरमसाट लिहितो आहोत का, हाही आहे. सल्लागारांनी बहुधा एवढेच पाहून निकाल दिला असावा. मात्र त्याच यादीत प्रत्यक्ष अनुभवातून आलेले ज्ञान लेखनात दिसते का, हाही प्रश्न आहे, आणि तो माझ्या मते बाकी सर्वांहून मोठा आहे.

गोदाकाठी

चर्चा लांबते आहे, म्हणून थोडक्यात उत्तरे देतो. बहुतेक वाचक शोधयंत्रातून येतात, तेही सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात आणि जवळजवळ सर्व द्राक्षाच्या लेखांवर. जाहिरातींतून होस्टिंगचा खर्च जेमतेम निघतो, त्यामुळे उत्पन्न हा हेतू नाही. मला वाचक हवे आहेत. आता कृपया सांगा.

निफाडचा बागायतदार

मी आपले द्राक्षाचे लेख नियमित वाचतो, म्हणून येथेच विचारतो, विषयांतराबद्दल क्षमस्व. या वर्षी मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गोडी छाटणी घेतली आणि पोंगा अवस्थेतच, म्हणजे डोळे फुटू लागतानाच, पावसाने गाठले. आपल्या जुन्या लेखात डाऊनीसाठी फवारणीचे जे वेळापत्रक आहे, तेच आपण या वर्षीही धरले आहे का? आणि आपली छाटणी कोणत्या तारखेची आहे?

गोदाकाठी

हा प्रश्न या धाग्यावर नको होता, पण आपण विचारलाच आहे म्हणून सांगतो. माझी छाटणी नाही, कारण बागच राहिलेली नाही. सलग तीन हंगाम अवकाळी पावसात गेल्यावर दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही दिंडोरी तालुक्यातील बाग काढली, आणि तेव्हापासून मी शहरात राहतो. माझ्या प्रश्नाशी याचा संबंध नसल्यामुळे मी ते लिहिले नव्हते.

शब्दमोल

हेच सर्वांत आधी सांगायला हवे होते. बाग गेल्यानंतर द्राक्षावर किती लेख लिहिलेत?

गोदाकाठी

चाळीसच्या आसपास. जुन्या नोंदवह्या आहेत, गावातील लोकांशी बोलणे असते, त्यावरून लिहितो.

निफाडचा बागायतदार

बाग काढल्याचे वाचून फार वाईट वाटले. स्वतःच्या हाताने वाढवलेल्या वेली मुळासकट काढायला किती बळ लागते, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही.

पण आता स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून निर्यातीसाठीच्या औषधांची यादी येते, तिच्यात वेळोवेळी बदल होतात. कोणते औषध काढणीआधी किती दिवस थांबवायचे, अवशेषांची मर्यादा किती, हे त्यावरूनच पाहावे लागते. चार वर्षांपूर्वीचे वेळापत्रक कोणी आज जसेच्या तसे उचलले आणि नमुन्यात अवशेष मर्यादेपेक्षा अधिक निघाले, तर तो माल परदेशी जाणार नाही. मी आज तेच करायला निघालो होतो, कारण लेखावर वर्ष दिसत नव्हते आणि लिहिणारा अजूनही बागेत उभा आहे अशी माझी समजूत होती. आपल्याला वाचक हवे आहेत, आणि आम्ही आपले वाचक आहोत, म्हणून आपण हे लेख तसेच ठेवू नयेत अशी माझी विनंती आहे.

मात्र सर्व काढू नका. वेलीचे वळण, ओलांड्यांची (वेलीच्या आडव्या फांद्यांची) बांधणी, विरळणी करताना घडात किती मणी ठेवायचे हे आपण ज्या बारकाईने लिहिले आहे ते दुसरीकडे वाचायला मिळत नाही, आणि ते शिळेही झालेले नाही.

ओझरकर

मी संकेतस्थळे बांधण्याचे काम करतो, त्यामुळे केवळ व्यवस्थेपुरते सांगतो. दुसरे संकेतस्थळ घेण्याची आवश्यकता नाही. एकाच ठिकाणी दोन विभाग करा, दोन्हींची मुखपृष्ठे वेगळी ठेवा आणि ईमेलने लेख घेणाऱ्यांना कोणता विभाग हवा ते निवडू द्या. वर्डप्रेस असेल तर प्रत्येक वर्गाची फीड, म्हणजे नव्या लेखांची यादी, आपोआप वेगळी मिळते. एखादा लेख हलवलात तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचे पुनर्निर्देशन, म्हणजे ३०१, लावा आणि ते किमान वर्षभर काढू नका. निर्णयाआधी गूगलच्या सर्च कन्सोलमधून गेल्या १६ महिन्यांची माहिती उतरवून घ्या, कारण त्याहून जुनी माहिती तेथे राहत नाही.

सिडकोतील सुगरण

विभाग केले तरी पहिल्या पानावर काय दिसते हा प्रश्न राहतोच. माझ्याकडे विभाग होते, तरीही वाचक गोंधळले.

ओझरकर

शोधातून येणारा वाचक पहिल्या पानावर येतच नाही, तो थेट लेखावर उतरतो. आपल्या बायका रोजच्या सवयीने येत होत्या, म्हणून त्यांना पहिले पान खटकले. दोन्ही अनुभव खरे आहेत, पण या गृहस्थांचा वाचक पहिल्या प्रकारचा आहे.

जुना वाचक

द्राक्षाच्या चर्चेत दुसरी बाजू मागे पडते आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखावरचा आपला लेख मी तीन स्नेह्यांना पाठवला होता. दहाव्या लेण्यातील तो शिलालेख अनेकांनी पाहिलेला असतो. पण नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले, त्यांतील २००० वर दरमहा शेकडा १ आणि १००० वर पाऊण असे व्याज ठरले, आणि त्या व्याजातून भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, रक्कम मिळायची, हे मराठीत इतक्या सोप्या रीतीने मी प्रथमच वाचले. तो लेख लिहायला बाग लागत नाही, पायऱ्या चढून लेण्यात जाऊन उभे राहावे लागते, आणि तिथे आपण आजही जाऊ शकता.

चित्रफीत

लेण्यांवर चित्रफिती उत्तम होतील.

गोदाकाठी

दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण ओझरकर म्हणाले तशी माहिती उतरवून घेतली आणि सोबत वाचक एका लेखावरून कुठे जातात याची संकेतस्थळाची आकडेवारीही पाहत होतो. शब्दमोल यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सल्लागारांच्या बाजूने निघाले : द्राक्षाच्या लेखावर आलेला वाचक शिलालेखाकडे जवळजवळ कधीच जात नाही. मात्र शिलालेखावर आलेले थोडे लोक त्या विभागातील पुढचे तीन-चार लेख वाचून मगच जातात, आणि हे मी चार वर्षांत कधी पाहिले नव्हते.

पहिल्या दिवशी मला हो किंवा नाही एवढेच हवे होते, कारण द्राक्ष सोडायचे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचे टाळत होतो. बाग गेली तरी लेख चालू आहेत, म्हणजे काहीतरी शिल्लक आहे, असे मला वाटत असे. निफाडकरांचा प्रतिसाद वाचल्यावर काल रात्री फवारणीचे ११ लेख मी काढून घेतले. उरलेल्या प्रत्येक द्राक्षलेखाच्या वर आता तो कोणत्या हंगामातील अनुभव आहे ते वर्ष, आणि लेखकाची बाग सध्या नाही हे, स्पष्ट लिहितो आहे. द्राक्षावर नवे लेखन थांबवले आहे. संकेतस्थळ एकच राहील, विभाग दोन होतील, आणि यापुढचे लेखन लेणी, घाट आणि वाडे यांवर असेल. वाचक कमी होतील हे आकड्यांवरून दिसते आहे, तरीही.

निफाडकर, आपल्याला एक विनंती. जे लेख ठेवले आहेत त्यांतील कोणते आजच्या बागेला लागू पडत नाहीत, ते आपण सवडीने पाहून सांगाल का?

निफाडचा बागायतदार

अवश्य. रविवारी दुपारनंतर बसतो, यादी पाठवून ठेवा. एक आताच सुचवतो. विरळणीच्या लेखात आपण छाटणीनंतरचे दिवस मोजून दिले आहेत. त्याच ओळीत त्या वर्षी पाऊस आणि थंडी कशी होती तेही लिहा. आपल्या नोंदवहीत ते असेलच. या वर्षी माझे दिवस तुमच्या दिवसांशी जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत हे मला तेवढ्यावरून ताडता येईल.